बिनचुलीचे लाडू

९ नोव्हेंबर १९७४, शनिवार. देवळीच्या अण्णाजींच्या भट्टीवर शकुबाईंनी दिवाळीसाठी नानकटाईचे सात ट्रे भाजून घेतले. ट्रेमागे पन्नास पैसे, म्हणजे भाजणावळ झाली तीन रुपये पन्नास पैसे.

त्या काळी देवळीत तयार नानकटाई कोणी विकत आणत नसे. मैदा, तूप, साखर घरची आणि भट्टी अण्णाजींची. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात बायका डोक्यावर डबे घेऊन भट्टीसमोर ओळीने बसत. डब्याला दोऱ्याने नावाची चिठ्ठी बांधलेली असे. अण्णाजी एकेकीचं सामान घेत, परातीत तूप-साखर फेसत, मैदा कालवत आणि गोळे करून ट्रेमध्ये मांडत. एरवी वर्षभर भट्टीत पाव निघे. नानकटाई ही दिवाळीपुरती.

शकुबाईंचा नंबर आला तेव्हा अण्णाजींनी त्यांचे डबे उघडून पाहिले आणि हात आखडला.

"बाई, किलोभर मैद्याले अर्धा किलो तूप लागते. तुमी किलोले किलो आनलं. हे पेलनार नाई."

"तूप माह्या घरचं हाये, अण्णाजी. तुमच्या काऊन पोटात दुखून राह्यलं?"

"माह्या पोटात नाई दुखत. नानकटाईच्या पोटात दुखन."

ओळीतल्या बायका हसल्या. तेवढं पुरे झालं. शकुबाई म्हणाल्या, "तुमी भाजा. खानारे आमी हावो."

"बरं माय," अण्णाजी म्हणाले, आणि सगळं तूप परातीत ओतलं.

एवढं तूप नेण्यामागे कारण होतं. आदल्या वर्षी शकुबाईंची नणंद वच्छलाबाई वर्ध्याहून भाऊबीजेला आली होती. नानकटाईचा पहिला तुकडा तोंडात टाकून ती म्हणाली होती, "वयनी, डालडा चांगला असते तुमच्या देवळीचा." त्या एका वाक्यावर शकुबाईंनी वर्ष काढलं होतं. गाईच्या दुधाची साय साठवून, लोणी कढवून, चार महिने घरातल्या कोणाच्या भातावर तुपाची धार पडू दिली नव्हती.

ट्रे बाहेर आले तेव्हा अण्णाजींचा शब्द खरा ठरला होता. गोल मांडलेले गोळे वितळून एकमेकांत मिसळले होते. प्रत्येक ट्रेमध्ये एक चौकोनी पिवळी पोळी. उलथण्याने काढायला जावं तर भुगा. वास मात्र असा सुटला होता की ओळीतल्या बायकांनी माना वर केल्या.

"भट्टी कडक ठेवली तुमी," शकुबाई म्हणाल्या.

"भट्टी कडक असती तं करपली असती, बाई. हे तं विरघळलं."

शकुबाईंनी कनवटीचा रुमाल सोडला, एक रुपया पंच्याहत्तर पैसे मोजून अण्णाजींच्या पाटीवर ठेवले. "अर्धी नानकटाई, अर्धी भाजनावळ. बाकीचे मी देनार नाई."

अण्णाजी सत्तरीच्या पुढचे, काटकुळे, भुवयांवर कायम मैदा बसलेला. ते रागावले नाहीत. "मनाले येईन तवा देजो," एवढंच म्हणाले आणि पुढच्या बाईचा डबा ओढला.

"मनाले येनारच नाई," शकुबाईंनी जाता जाता ऐकवलं.

शकुबाई मूळच्या सेलूच्या. सोळाव्या वर्षी लग्न होऊन देवळीला आल्या, तेव्हा किसनरावांची दीड एकर वाडी होती आणि विहिरीला पाणी बरं होतं. वांगी, मेथी, मुळा, हिवाळ्यात फुलकोबी. किसनरावांनी पिकवायचं आणि शकुबाईंनी बाजारात बसायचं, अशी वाटणी पहिल्याच वर्षी झाली, कारण किसनराव गिऱ्हाइकाला नाही म्हणू शकत नसत. शकुबाईंच्या काट्यात माल कधी कमी भरला नाही आणि काटा बरोबर आल्यावर वरून एक मिरचीसुद्धा कोणाला पडली नाही. फुकट द्यायचं नाही, फुकट घ्यायचं नाही. बाजारात त्यांना कोणी गोड म्हणत नसे. पण पोराला एकट्याला भाजी आणायला पाठवायचं असलं की आया सांगत, "शकुबाईच्या दुकानावर जाजो."

नानकटाईचा भुगा त्यांनी एका तेलाच्या रिकाम्या पिंपात भरला आणि माळ्यावर नेऊन ठेवला. भाऊबीजेला वच्छलाबाईपुढे चकल्या आणि शेव ठेवली. वच्छलाबाईने विचारलंच, "अन् नानकटाई, वयनी?"

"संपली," शकुबाई म्हणाल्या.

अण्णाजींचं घर त्याच गल्लीत, तीन घरं सोडून होतं. भट्टी घराला लागूनच. दिवाळीनंतर शकुबाई विहिरीवर जाताना त्या बाजूने जाईनाशा झाल्या. लांबच्या अंगाने वळसा घेत. अण्णाजी ओट्यावर बसलेले असले तर तिकडूनच हात वर करत. शकुबाई घागर सावरत.

त्यात २४ नोव्हेंबरचा रविवार ठरला.

शकुबाईंची मुलगी रंभा एकोणीस वर्षांची, मॅट्रिक पास. दोन ठिकाणची माणसं पाहून गेली होती. एकांनी सायकल आणि घड्याळ मागितलं. दुसऱ्यांनी काही मागितलं नाही आणि काही कळवलंही नाही. तिसरं स्थळ आर्वीचं होतं. मुलगा मधुकर शाळेवर मास्तर, शेती थोडकी पण घरची. वडील पुंडलिकराव यांचं पोस्टकार्ड आलं. त्यात हुंड्याचा शब्द नव्हता. 'रविवारी सकाळच्या गाडीने मी व चि. मधुकर येत आहोत' एवढंच. किसनरावांनी ते कार्ड इतक्या वेळा वाचलं की त्याचे कोपरे मऊ पडले.

पण पुंडलिकरावांविषयी एक गोष्ट देवळीपर्यंत आली होती. पुलगावच्या एका घरी ते मुलगी पाहायला गेले आणि चहाचा कप हातात असतानाच उठून चालू लागले. कारण काय, तर म्हणे कप अर्धाच भरला होता. वच्छलाबाईने ही गोष्ट वर्ध्यात ऐकली होती, आणि शनिवारी संध्याकाळी मदतीला येऊन पोचल्याबरोबर तिने ती पुन्हा सगळी सांगितली.

"अर्ध्या कपावर उठनारा मानूस हाये तो, वयनी. उद्या काही कमी पडू देजो नोका."

काही कमी पडणार नव्हतं. शिऱ्याचा रवा निवडून ठेवला होता, पोहे चाळले होते, शेजारून फुलांचे सहा कप आणले होते. चहापत्ती नवी. साखर रेशनची, पण पुरेशी. शकुबाई त्या रात्री समाधानाने झोपल्या.

पहाटे अण्णाजी गेले. झोपेतच गेले, कोणाला त्रास न देता. त्यांच्या घरून रडण्याचा आवाज आला तसे किसनराव धावत गेले आणि अर्ध्या तासाने परत आले ते दारातच थांबले.

"गेला बुढा," ते म्हणाले. "पोराले सांगाले मानूस गेला पहिल्या गाडीनं. बंडूजी नागपूरहून येईपर्यंत तीन-चार वाजतीन. तोवर माती नाई."

अर्थ सगळ्यांना कळला होता. गल्लीत मयत असेपर्यंत गल्लीतली एकही चूल पेटत नाही. घरातल्या मोठ्या माणसांनी माती होईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. पोरांना आणि पाहुण्याला शिळं-थंड द्यावं, एवढीच मुभा. सात वाजले होते, अकरा वाजता पाहुणे येणार होते, आणि चहाचं आधण ठेवता येणार नव्हतं.

"त्यायले निरोप?" रंभाने विचारलं.

"आर्वीहून गाडी निघाली असन," किसनराव म्हणाले.

"हाटेलातून चहा आनू," शकुबाई म्हणाल्या.

"हाटेल बंद. स्टँडवरच्या दोघायनंही फळ्या लावल्या. तीस वर्षं त्या बुढ्याचाच पाव खपवला त्यायनं."

वच्छलाबाई उठली. तिने स्वयंपाकघराचं मागचं दार लावलं, खिडकीला पोतं अडकवलं आणि हळू आवाजात म्हणाली, "वयनी, वातीचा स्टो कुठं हाये?"

"काऊन?"

"काऊन काय, काऊन? स्टोले धूर नसते. दार लावलं का कोनाले दिसत नाई. दोन कप चहा अन् वाटीभर शिरा, किती वेळ लागते त्याले? पोट्टीच्या जन्माचा प्रश्न हाये. मेलेला मानूस काही उठून पाहाले येत नाई."

शकुबाईंनी फळीवरचा स्टोव्ह उतरवला. हलवून पाहिला. रॉकेल काठोकाठ होतं. त्यांनी तो जमिनीवर ठेवला, पदर खोचला, काडेपेटी घेतली. पुलगावचा तो अर्धा कप त्यांना डोळ्यांपुढे दिसत होता. तिसरं स्थळही परत गेलं तर लोक मुलीतच काही खोड आहे म्हणायला लागतील, हेही त्यांना ठाऊक होतं.

काडी त्यांनी काढली. ओढली नाही.

सहा वर्षांपूर्वी, ऐन लग्नसराईत, त्यांची सासू वारली होती. बाजूच्या गावच्या लग्नाचा मोठा पावाचा सौदा अण्णाजींकडे होता. मैदा रात्रीच मळून ठेवलेला, फुगून परातीबाहेर आलेला. अण्णाजींनी पहाटे भट्टीत पाणी मारलं. आंबलेला मैदा दोन माणसांनी उचलून उकिरड्यावर नेऊन टाकला. त्याविषयी अण्णाजी कधी बोलले नाहीत. शकुबाईंनी तो उकिरड्यावर पडलेला पाहिला होता, म्हणून त्यांना माहीत.

त्यांनी काडी परत पेटीत घातली, पेटी स्टोव्हवर ठेवली.

"वच्छलाबाई, दार उघडा," त्या म्हणाल्या. "हवा येऊ द्या."

"अन् पाहुन्यायले काय देनार? दगड?"

"काय देता येते ते पाहू."

काय देता येतं, याची त्यांनी बाजाराच्या सवयीने घरात फिरून मोजदाद केली. दही होतं. पोहे भिजवून दहीपोहे होतील. वाडीतले मुळे होते, लिंबं होती. सरबताला माठाचं पाणी. पण मुलगी पाहायला आलेल्या माणसाचं तोंड गोड करायचं कशाने? गुळाचा खडा का हातावर ठेवायचा?

रंभा दाराशी उभी होती. ती चाचरत म्हणाली, "माय, माळ्यावरचं पिंप."

"तो भुगा?"

"मी रोज खातो त्यातला. रागावजो नोको. मुठीत घेऊन दाबला का लाडू होते त्याचा. तूपच एवढं हाये त्यात."

शकुबाईंनी लेकीकडे पाहिलं. मग शिडी लावली.

पिंप अर्धं भरलेलं होतं. पंधरा दिवसांत भुगा मुरला होता, वास पहिल्यापेक्षा छान झाला होता. रंभाने पाट्यावर तो वरवंट्याने बारीक केला. मोठे तुकडे राहू नयेत म्हणून पिठाच्या चाळणीतून काढला. रात्रीच्या तापवलेल्या दुधावरची जाड साय शकुबाईंनी त्यात घातली, थोडी पिठीसाखर, वेलदोडे. गोळा वळत होता, पण पांढुरका, मातकट दिसत होता.

"औषधाच्या गोळ्या दिसून राह्यल्या," वच्छलाबाई म्हणाली.

रंभाने कपाटातून एक डबा काढला. उन्हाळ्यात किसनरावांना विषमज्वर झाला होता, तेव्हा दुधात घालून प्यायला आणलेली चॉकलेटी पावडर तळाला उरली होती. ती सगळी तिने भुग्यात उलटी केली. रंग बदलला. गोळा चकचकीत काळसर झाला, आणि त्याला असा एक वास आला, जो देवळीतल्या कुठल्याच लाडवाला नव्हता.

आता पंचाईत अशी की चव कोणी पाहायची? शकुबाईंना खायचं नव्हतं, किसनरावांना नव्हतं, रंभाही आता मोठ्यांतच धरायची.

"मी पाह्यतो," वच्छलाबाई म्हणाली. "मी काही या गल्लीतली नाई. वर्ध्याची हावो मी."

तिने एक लाडू तोंडात टाकला. चावायचं थांबली. मग पुन्हा चावू लागली.

"कसा हाये?" शकुबाईंनी विचारलं.

"समजलं नाई," वच्छलाबाई म्हणाली. "आनखी एक पाहा लागन."

दुसरा पाहून झाल्यावर तिने हात धुतले आणि स्वतःच वळायला बसली. "तूप घरचं दिसते, वयनी," ती खाली मान घालून म्हणाली. शकुबाईंनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. तीन जणींनी मिळून बत्तीस लाडू वळले. रंभाने ते सुक्या खोबऱ्याच्या किसात घोळवले, पितळेच्या ताटात मांडले आणि ताट गार राहावं म्हणून माठाशेजारी ओल्या फडक्यावर ठेवलं.

किसनराव स्टँडवर गेले. पाहुणे गाडीतून उतरल्याबरोबर त्यांनी पुंडलिकरावांना सगळं सांगून टाकलं. गल्लीत मयत आहे, चूल बंद आहे, चहासुद्धा देता येणार नाही, तुम्हाला परत जायचं असलं तर पुढच्या रविवारी या.

पुंडलिकराव उंच, डोक्यावर पांढरी टोपी, बोलणं कमी. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "चला," म्हणाले. "मुलगी पाहाले निघालो अन् मयत आडवं आलं, तं आमच्याकडं शुभ मानतात." गल्लीत शिरल्यावर आधी ते अण्णाजींच्या ओट्यापाशी थांबले, नमस्कार केला, आणि मग किसनरावांच्या घरी आले.

दहीपोहे झाले, मुळा झाला. रंभा लाडवांचं ताट घेऊन आली, ठेवलं आणि बाजूला बसली. मधुकरने लाडू उचलला. पुंडलिकरावांनी उचलला, अर्धा खाल्ला, आणि उरलेला अर्धा बोटांत धरून बराच वेळ पाहत राहिले.

"किसनराव," ते म्हणाले, "तुमी स्टँडवर सांगतलं, घरात चूल पेटली नाई."

"हाव."

"मंग हे भाजलं कुठं? हे भाजल्याबिगर होत नाई. बेसन नाई, रवा नाई, पन भाजलेलं हाये. तूप ताजं हाये."

पुंडलिकरावांनी अर्धा लाडू ताटाच्या कडेला ठेवला.

"मले चहा नसला तं चालते. लाडू नसले तं चालते. खोटं चालत नाई. मयताच्या नावानं तं मुळीच नाई."

मधुकरने खाण्याचं थांबवलं. रंभाचे डोळे जमिनीवरून वर येईनात. दाराआड वच्छलाबाईने शकुबाईंचं मनगट धरलं होतं, ते सोडवून शकुबाई बाहेर आल्या. पाहुण्यांसमोर असं येण्याची रीत नव्हती.

"उठा, भाऊ," त्या म्हणाल्या. "माही चूल पाहून घ्या."

पुंडलिकराव उठले. स्वयंपाकघरात चुलीच्या राखेत घरची मांजर अंगाचं वेटोळं करून झोपली होती. ती रोज पहाटे चूल पेटायच्या आत उठून जायची. आज उठवायला कोणी आलं नाही म्हणून अकरा वाजून गेले तरी तिथेच होती. पुंडलिकरावांनी वाकून राखेत बोटं घातली. मांजरीने एक डोळा उघडून मिटला.

पण चुलीशेजारी स्टोव्ह उभा होता, आणि त्याच्यावर काडेपेटी. पुंडलिकरावांनी तिकडे पाहिलं. मग शकुबाईंकडे पाहिलं.

"काढला होता," शकुबाई म्हणाल्या. "पेटवनार होती. काडी हातात घेतली होती. नाई पेटवला. हात लावून पाहा, तेल भरलेलंच हाये."

पुंडलिकरावांनी स्टोव्ह हलवून पाहिला. काठोकाठ भरलेला, गार.

"मंग लाडू?"

मग शकुबाईंनी सांगितलं. किलोला किलो तूप कसं नेलं, अण्णाजींनी कसं बजावलं, पोळी कशी झाली, आणि भाजणावळीतले एक रुपया पंच्याहत्तर पैसे आपण कसे ठेवून घेतले. पंधरा दिवस बोलणं कसं बंद होतं तेही सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. "भाजलं तुमच्या म्हनन्याप्रमानंच," त्या शेवटी म्हणाल्या, "पन आज नाई. त्यायच्याच भट्टीत भाजलं, दिवाळीच्या आधी. आज फक्त वळलं."

पुंडलिकरावांच्या तोंडावर आधी काही दिसलं नाही. मग खांदे हलले. मग ते मयताची गल्ली आहे हे ध्यानात ठेवून, तोंडाला उपरणं लावून हसू लागले. परत येऊन बसले, कडेला ठेवलेला अर्धा लाडू उचलून खाल्ला, आणि दुसरा घेतला.

आता वच्छलाबाईलाही दाराआड राहवलं नाही. "चहाचं मनाले लावून घेजा नोका, भाऊ. तुमाले पुरा कप लागते, हे आमाले मालूम होतं."

"कोनं सांगतलं?"

"पुलगावचं ऐकलं ना. अर्धा कप दिला म्हनून तुमी उठले."

"अर्धा?" पुंडलिकराव म्हणाले. "बाई, मले पित्त हाये. चहाचा घोट चालत नाई. त्या घरी नाई नाई म्हनता तीन कप पाजले. चौथा हातात आला तवा उठलो. आज देवळीत कोनी चहा घ्या म्हनलं नाई, तं मले किती बरं वाटून राह्यलं."

मधुकरने एवढ्या वेळात पहिल्यांदा तोंड उघडलं. रंभाला विचारलं, "लाडू तुमी केले का?"

"वळले म्या," रंभा म्हणाली. "बिघडवले मायनं."

शकुबाईंनी डोळे वटारले. पण मास्तर हसला होता, आणि ते हसणं शकुबाईंनी नीट पाहून ठेवलं.

बंडूजी चारच्या सुमारास नागपूरहून आले. पुंडलिकरावांनी परतीची गाडी सोडली आणि किसनरावांबरोबर तेही मातीला गेले. माणसं आंघोळी करून परतल्यावर, दिवेलागणीला गल्लीत एकेक चूल पेटली. शकुबाईंनी मांजरीला उठवलं, राख काढली आणि सकाळचा रवा भाजायला घेतला. शिरा खाऊन पुंडलिकराव म्हणाले, "हाही चांगला हाये. पन लग्नात रुखवतात ते सकाळचे लाडू पाह्यजेत."

१९७५ च्या वैशाखात रंभाचं लग्न झालं. रुखवतात चकलीचा मनोरा होता, करंज्यांचं कमळ होतं आणि मध्ये परातीत एकशे एक काळे लाडू होते. आर्वीकडच्या बायका 'हे काय व्हय' म्हणून बोट लावून पाहत होत्या. पहिला लाडू कोणी उचलला हे समजलं नाही. पंगत बसायच्या आधी परात रिकामी झाली होती.

पुढची दहा-बारा वर्षं शकुबाईंना देवळीत या लाडवांनी ओळख दिली. अण्णाजींची भट्टी पुन्हा पेटली नाही, म्हणून त्या वर्ध्याच्या बेकरीतून फुटक्या बिस्किटांचा चुरा आणत. दुकानदार तो स्वस्तात देत. शकुबाई वजन करून घेत. घरचं तूप, साय आणि ती चॉकलेटी पावडर, एवढ्यावर काम भागे. गल्लीत कुठे मयत झालं आणि कोणाकडे पाहुणे यायचे असले, पोरांच्या परीक्षा असल्या, की बाया निरोप पाठवत आणि शकुबाई पिंप उघडत. कृती कोणी विचारली तर सांगत, लपवत नसत. एक गोष्ट मात्र बजावत, "किलोले अर्धा किलो तूप. जास्त नोको." मास्तर जावई दर दिवाळीला डबाभर घेऊन जाई. वच्छलाबाई वर्ध्याला पाहुण्यांपुढे ठेवून सांगे, की ही मूळ कल्पना आपलीच.

राहिली भाजणावळ.

अण्णाजींच्या तेराव्याला शकुबाई एक रुपयाची नोट, एक पन्नास पैशांचं आणि एक पंचवीस पैशांचं नाणं घेऊन बंडूजींकडे गेल्या. बंडूजी त्यांना भट्टीत घेऊन गेले. अण्णाजी उधारी भिंतीवर कोळशाने लिहीत. नाव आणि पुढे चार-चार आण्यांच्या रेघा. दिवाळीची सगळी नावं होती. शकुबाईंचं नव्हतं.

"बाबानं लिहिलं नाई, म्हंजे त्यायले घ्यायचे नव्हते, मावशी."

"मी देनार नाई म्हनून सांगूनच आली होती. मंग लिहितीन कायले? नाव नाई म्हनून देनं फिटत नाई. घे."

"मी नाई घेत. मेलेल्या मानसाचं येनं मी कोन्या हिशोबानं घेऊ?"

त्यांनी घेतले नाहीत. १९७९ मध्ये शकुबाईंनी ते पैसे बंडूजींच्या बायकोच्या हातावर ठेवले. आठ दिवसांनी ते नागपूरहून देवळीला येणाऱ्या माणसाबरोबर परत आले, वर संत्र्याच्या बर्फीचा पुडा. पुड्याची परतफेड म्हणून शकुबाईंनी एक पायली तूर पाठवली. पैसे तसेच राहिले. १९८३ मध्ये बंडूजींनी घर आणि भट्टी विकली. खरेदीखताच्या दिवशी शकुबाई पुन्हा गेल्या. बंडूजींनी पाया पडून नाही म्हटलं. नव्या मालकाने भिंत पाडून तिथे खताचं दुकान काढलं.

आज १९८६ ची दिवाळी होऊन गेली आहे. शकुबाईंची प्रकृती चांगली आहे. वाडीला यंदा फुलकोबी बरी आली, आणि नातू आर्वीहून सुटीला येतात तेव्हा पिंप चार दिवसांत रिकामं होतं. ती नोट आणि दोन नाणी त्यांच्या मसाल्याच्या डब्याच्या एका वाटीत आहेत. ९ नोव्हेंबर १९७४ च्या भाजणावळीपैकी एक रुपया पंच्याहत्तर पैसे देणे बाकी आहे.